वाटीखालचा फासा

संगणकाच्या म्हणण्याप्रमाणे मी सहाव्या रविवारीच मरायला हवं होतं.

मी म्हणजे माझी पाणाड्या. लातूरला असताना आम्ही एक खेळ खेळायचो. त्यात एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि त्यांनी जे करायचं म्हटलं ते जमलं की नाही हे फाशावर ठरतं. मिठाची पोती लादलेला बैलांचा तांडा बालाघाटाच्या डोंगरातून चाललाय, वाटेत पाणी नाही, आणि काठी हातात धरून पाणी शोधणारी बाई मी. ती बाई वर्षभर जगली. एकेका कोरड्या माळावर तिनं पाणी काढून दाखवलं. मला तिचा किती अभिमान होता हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगायला लाज वाटते. पण होता. आणि आता नांदेडला ऑफिसात बसून मी तोच खेळ संगणकावर चढवत होते, तर यंत्र मला सांगत होतं की असं होऊच शकत नाही.

यंत्राकडून मी तो डाव दहा हजार वेळा खेळवून घेतला होता. तसं करावंच लागतं. टेबलावरचा खेळ संगणकात घालायचा म्हणजे त्यातला एकेक नियम आकड्यात बसवायचा, आणि मग यंत्राला सोडून द्यायचं, की बघ बाबा, कोण किती टिकतंय. पाणाड्या टिकत नव्हती. सरासरी सहाव्या फाशाला तिचं मढं पडत होतं.

आधी मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. दोन दिवस मी माझाच कोड ओळ अन् ओळ तपासला. मग चिडून कागद घेतला आणि हाताने मांडलं. दोन फासे. नऊ किंवा वर आलं तर पाणी लागलं. छत्तीस जोड्या, त्यात नऊ किंवा वरच्या दहा. लागोपाठ तीनदा हुकलं की गडी संपला. म्हणजे यंत्र खरं बोलत होतं. लातूरला आम्हाला हा खेळ खेळवणाऱ्या सरांच्या रजिस्टरमध्ये मागच्या पानांवर प्रत्येक रविवारची नोंद होती, त्यांच्या बारीक अक्षरात. मी बोट ठेवून मोजलं. वर्षभरात माझ्या पाणाड्यासाठी एकोणचाळीस वेळा फासा पडला. एकतीस वेळा पाणी लागलं.

दहा-अकरा वेळा लागायला हवं होतं.

आता माझा राग समजायचा असेल तर ते वर्ष समजायला पाहिजे. भोकरजवळच्या आमच्या गावातून मी लातूरला डॉक्टर व्हायला गेले होते. लातूरला त्यासाठीच जातात. दर रविवारी सकाळी पेपर असायचा, चारपैकी एक गोळा काळा करायचा, चुकला तर मिळालेले मार्क कापायचे. बारावीला मी गणितही ठेवलं होतं; दोन फासे टाकले असता बेरीज नऊ किंवा अधिक येण्याची संभाव्यता किती, हा प्रश्न मी त्या वर्षात वीसेक वेळा तरी सोडवला असेल. पाठ होता. आणि त्याच रविवारी दुपारी त्याच दोन फाशांसमोर मांडी घालून बसायचे, वर्षभरात एकतीस वेळा उड्या मारल्या, आणि एकदाही डोक्यात आलं नाही की हे मोजून बघावं. पेपरातला फासा वेगळा आणि सरांचा फासा वेगळा. शिकवलेलं फक्त गोळ्यात भरायचं असतं, आयुष्याला लावायचं नसतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, तरी आम्ही ते चांगलं शिकलो होतो.

सर म्हणजे क्लासचे सर नव्हेत. ते एक अभ्यासिका चालवायचे. प्लायवूडच्या पार्टिशनची खुराडी, प्रत्येकात एक खुर्ची, एक दिवा, आणि भिंतीवर ‘शांतता राखा’. स्पर्धा परीक्षेत दोनदा मुलाखतीपर्यंत जाऊन परत आलेला माणूस. पुण्यात असताना खोलीतल्या कुणाकडं तरी त्यांनी या जातीच्या खेळाचं जाडजूड इंग्रजी पुस्तक बघितलं होतं, राक्षस आणि किल्ले असलेलं. ते विकत घेणं परवडलं नाही म्हणून यांनी आपलं स्वतःचं लिहून काढलं, दोनशे पानी रजिस्टरमध्ये, आणि राक्षसाच्या जागी दुष्काळ, घाट, पूर, वाटमारे घातले. रविवारी पेपर झाला की मागच्या खोलीत, मोडक्या खुर्च्या सरकवून, आम्ही चौघं बसायचो. मी पाणाड्या. माझी रूममेट नावाडी. दोन मुलं होती, एक वैदू आणि एक रखवालदार. सर स्टीलच्या वाटीत फासे खडखडवायचे, वाटी जमिनीवर पालथी घालायचे, एक कड उचलून वाकून बघायचे आणि आकडा सांगायचे. आम्हाला फासा कधी दिसायचा नाही. “गोष्ट सांगणाऱ्यानंच बघायचा असतो, नियम हाय,” असं त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं आणि आम्ही मान डोलावली होती.

डॉक्टर मी झाले नाही. नांदेडला येऊन संगणकाची पदवी घेतली. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, आणि हे मी दर चार वाक्यांनी सांगते असं लोक म्हणतात, म्हणू देत. निकाल लागला तेव्हा चुलते ओट्यावर बसून म्हणाले होते, “ग्रेस देऊन काढली असंल. पोरींला देत्यात की.” मी आत गेले, गुणपत्रिका आणली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. “दाखवा कुठं चांदणी हाय ते.” ग्रेसचे गुण दिले की त्या विषयापुढं खूण असते. माझ्या कागदावर एकही नव्हती. चुलत्यांना वाचता येत होतं, तेवढं. त्यांनी कागद उलटासुलटा केला आणि पावसाचा विषय काढला.

तर असं माझं. कुणाची सूट घेतलेली नाही. आणि आता कळलं की माझ्या आयुष्यातली जी एक गोष्ट मला खात्रीनं माझी वाटत होती, तिच्या पानापानावर चांदण्या होत्या.

आमचं ऑफिस म्हणजे स्टेशनच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. शाळांच्या हजेरीचे, क्लासच्या निकालांचे ॲप बनवतो. मालक नांदेडचेच, बोलताना अर्धं मराठी, अर्धं दखनी. हा खेळ करू या असं मी वर्षभर त्यांच्या मागं लागले होते. हो म्हणाले तेव्हा मीच चकित झाले. सरांना फोन केला, तर त्यांनी रजिस्टर एस.टी.च्या पार्सलनं पाठवून दिलं. चिठ्ठी नाही, काही नाही.

रजिस्टर वाचताना माझं डोकं दुखायला लागायचं ते दोन शब्दांमुळं. दर दुसऱ्या नियमाखाली लिहिलेलं: परिस्थिती बघून. बिथरलेल्या बैलाला आवरणं, फासा आठ किंवा वर, परिस्थिती बघून. पुरात नाव घालणं, नऊ, परिस्थिती बघून. आता यंत्राला परिस्थिती कशी दाखवू? त्याला डोळे आहेत का? मी सरांना मनातल्या मनात आळशी म्हटलं आणि एकेक ‘परिस्थिती’ खोडून तिथं आकडा घातला. पाऊस असेल तर एक वजा. उजेड असेल तर एक अधिक. तीन महिने हेच काम.

मालकांना मी एकोणचाळीस आणि एकतीसचं सांगितलं तेव्हा ते खुर्चीतून उठलेच.

“अरे वा! म्हंजे तुमच्या सरांनी आतून मदत केली.”

“मदत नाही. खोटं सांगितलं.”

“मॅडम, तेच तर पाहिजे आपल्याला. सगळ्या मोठ्या खेळांत आतून मदत असतीच. माणूस हरायला लागला की फासा थोडा ढकलायचा. त्याला कळायचं न्हाई. तो खूश, आपन खूश. हेच टाका. सोमवारपासून चालू करा.”

“आणि फासा दाखवायचा तो?”

“दाखवायचा की. खोटा दाखवायचा.”

मी म्हटलं, सोमवारी बोलू. त्यांना वाटलं मी कसं करायचं याचा विचार करणार आहे. मी रविवारी सकाळची लातूरची बस पकडली.

सरांनी अभ्यासिका बंद केली होती. आता चाकूरजवळ रस्त्याला लागून त्यांची रोपवाटिका आहे. हिरव्या जाळीच्या शेडमध्ये मिरचीच्या रोपांचे ट्रे मांडलेले, आणि सर पाटावर बसून एकेका खणात दोन-दोन उगवलेल्या रोपांतलं एक उपटत होते. मला बघून खरंच आनंद झाला त्यांना. “ये, ये. मोठी झालीस की गं!” असं म्हणून हात न थांबवता त्यांनी मला दुसरा पाट दाखवला. मी बसले नाही.

“सर, वाटी उचलून तुम्ही काय बघायचात?”

“काय म्हंजे? फासा.”

“बघायचात का खरंच?”

त्यांनी वर बघितलं आणि हसले. “मोजून आलीस वाटतं.”

“एकोणचाळीसात एकतीस.”

“एवढे? जास्तच झाले की.”

“हसू नका, सर.”

“बरं, न्हाई हसत.” पण हसतच होते. “अगं, फासा तुमच्यासाठी होता. खडखड झाली की तुमची तोंडं बघायसारखी व्हायची. मी ऐकायचो ते तुमचं बोलणं. तू काय म्हणायचीस? उंबराच्या मुळाकडं जाते, वारुळं कुठं हायेत बघते, सकाळचं दव कुठल्या गवतावर टिकलंय बघते. आता एवढं सांगितल्यावर पाणी लागणार न्हाई तर काय? दोन पडले तरी मी अकराच म्हणणार. खरं तर बऱ्याचदा मी बघायचोबी न्हाई.”

“मग नऊ कशाला लिहिलंत?”

“लिहावं लागतंय. आकडा नसता तर तुम्ही बसला असता का? लातूरला आलेली पोरं तुम्ही. मार्काबिगर तुमाला काय खरं वाटतंय?”

हे मला लागलं, कारण खरं होतं. तीन महिने मी ज्या आकड्यांना देव मानून यंत्रात घालत होते, ते नुसते रांगोळीचे ठिपके होते. राग आला तो सांगता येणार नाही असा आला. पण मी तेवढ्यासाठी आले नव्हते. बसमध्ये अहमदपूरच्या पुढं माझ्या डोक्यात दुसरीच गोष्ट आली होती आणि ती जात नव्हती.

“आणि नावाडी, सर?”

त्यांचा हात थांबला.

सांगायला पाहिजे. माझ्या रूममेटची नावाडी दिवाळीनंतरच्या एका रविवारी मेली. पुरात नाव घालायची होती, पलीकडं आमचे बैल अडकले होते. सरांनी वाटी उचलली: सहा. परत टाकला: पाच. परत: सात. तीनदा हुकलं. नाव गेली, नावाडी गेली. रूममेट तिथंच रडली. आम्ही तिघांनी तिची समजूत काढली, की अगं, फासा कुणाला ओळखत नाही, त्याचा राग कशाला. सरही तेच म्हणाले. नंतर ती नवीन माणूस घेऊन खेळायला बसली नाही. रविवारी दुपारी खोलीतच झोपून राहायला लागली.

“माझं तुम्ही ठरवत होता, तर तिचंबी तुम्हीच ठरवलं ना?”

“न्हाई, न्हाई. त्या दिवशी मी फासा बघितला. खरा. सहा होते, सहा म्हणालो.”

“त्याच दिवशी काहून?”

“ती काही बोललीच न्हाई गं. मी विचारलं, नाव कशी घालतीस? तर म्हणे, घालते. अगं पण कशी, धार कुठं, दोर कुठं? तर म्हणे, घालते, बस. आता मी काय ऐकू? ऐकायला काही नव्हतं म्हणून बघितला फासा.”

“त्या दिवशी सकाळी तिचे मार्क शून्याच्या खाली गेले होते, सर. भावानं फोनवर काय काय सुनावलं होतं. तिच्या तोंडात शब्द नव्हता.”

“ते मला कसं कळणार?”

“परिस्थिती बघून, असं तुम्हीच लिहिलंय. पानापानावर.”

उपटलेलं एक रोप त्यांच्या बोटांत होतं, ते त्यांनी परत खणात खोचलं, मातीवर अंगठा दाबला. मग म्हणाले, “चहा सांगू का?”

“नको.”

“उन्हाचं आलीस.”

“नको म्हटलं ना, सर.”

आणि मी निघाले. त्या माणसानं मला त्या वर्षात जगवलं हे मला कळत होतं. तरी मागं वळून बघितलं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

रस्त्यावर बसची वाट बघत उभी राहिले. मी बोलकी आहे, पहिल्यापासून. शेतावर बापाबरोबर फिरून उंबर, वारूळ, दव हे सगळं मला येत होतं आणि ते मी रंगवून सांगायचे. म्हणून मला पाणी. जिला त्या दिवशी बोलता आलं नाही, तिला फासा. वर्गातही हेच, मुलाखतीतही हेच, बँकेच्या खिडकीपाशीही हेच. ज्याला तोंड आहे त्याच्यासाठी नियम वाकतो, आणि ज्याला नाही त्याला सांगतात, नियम सगळ्यांना सारखा. आयुष्यभर मी ओरडत आले की आमच्यासारख्यांना तोंड नाही म्हणून मागं ठेवतात, आणि त्या खोलीत तोंड असलेली मीच होते. तीन महिने मी यंत्राला शिव्या देत होते, की याला ऐकू येत नाही. त्या रस्त्यावर पहिल्यांदा वाटलं, बरं झालं बहिरं आहे.

रूममेटला फोन लावला. ती आता उदगीरला एका दवाखान्यात नर्स आहे. दिवसपाळी होती, पण उचलला. मी सगळं एका दमात सांगितलं, शिव्यांसकट. ती मधे एकदाही “काय?” म्हणाली नाही.

“ऐकतेस ना?”

“हाव की. मला माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“अगं, मी सरांच्या डाव्या अंगाला बसायचे. ते वाटी उचलायचे ती माझ्या बाजूनंच. मला दिसायचा फासा. तीन पडलेले असायचे आणि सर म्हणायचे, अकरा, लागलं पाणी! आणि तू अशी उड्या मारायचीस, खुळ्यासारखी.”

मी रस्त्यावर उभी. एक ट्रक धूळ उडवून गेला.

“मला सांगितलं काहून न्हाईस?”

“तुझं तोंड बघून. आठवडाभर उशीत तोंड खुपसून रडायचीस, रविवारीच तेवढी हसायचीस. आन् मलाबी द्यायचे की सर अधनंमधनं. मी कशाला मोडू?”

“आणि त्या दिवशी? नाव बुडाली तेव्हा? तेव्हा तरी बोलायचं होतंस! सगळ्यांचं खोटं सांगता, माझंच खरं कसं काय, म्हणून विचारायचं होतंस!”

“काय विचारू? सहा होते, सर सहा म्हणाले. खोटं बोललं तर भांडता येतंय. खरं बोलल्यावर काय भांडू?” मग तिकडून कुणीतरी हाक मारली. “चल, ठेवते. सलाइन संपलंय एकाचं. आणि तू उगं त्रास करून घेऊ नको. लई जुनं झालं ते.”

तिच्यासाठी जुनं झालं होतं. माझ्यासाठी ते त्या क्षणी नवीन घडत होतं. मला सरांनी सूट दिली होती आणि तिनंही दिली होती, वर्षभर, गप्प बसून. आणि मी तिला सांगत होते की फासा कुणाला ओळखत नाही. ती ऐकून घेत होती.

सोमवारी मालक माझी वाटच बघत होते.

“जमलं का, मॅडम?”

“आतून मदत करायची नाही.”

“म्हंजे?”

“म्हणजे फासा पडंल तो पडंल, आणि पडंल तो दिसंल. पडद्याच्या मधोमध.”

“अहो, लोक हरतील!”

“हरू द्या.”

“लोक जिंकायला येत्यात, मॅडम. हरायचंच तर त्यांना घरी काय कमी हाय?”

“मग मदत सांगून करा. इथं तुम्हाला दोन गुण वाढवून दिलेत, असं लिहा पडद्यावर.”

“सांगून केलेली मदत कोन घेतं? तुम्ही घेतली असती का?”

नसतीच घेतली. मी त्याच दिवशी उठून गेले असते आणि परत रविवारी आले नसते, आणि मग ते वर्ष माझं कसं गेलं असतं ते मला माहीत आहे. मालकांना हे काही माहीत नव्हतं, पण दगड नेमका बसला. त्याचाही राग आला.

शेवटी मी म्हटलं, “नऊचे सात करते. पाणी लागायला सात पुरे. सगळ्यांना सात. बोलक्याला सात, मुक्याला सात. नियमच सोपा करू, पण केला तो पहिल्या पानावर लिहू. लपून काही नको.”

“आणि परिस्थिती बघून?”

“जेवढी यंत्राला दाखवता येते तेवढी. पाऊस, उजेड, दोर आहे का, बैल थकलेत का. तीही सगळ्यांना सारखी. बाकीची काढून टाकते.”

काढताना हात जड झाला हे कबूल करते. उंबराचं मूळ गेलं. वारुळं गेली. दव गेलं. बटण दाबलं की पाणाड्या काठी फिरवते आणि फासे पडतात. सरांच्या त्या खोलीत जे होतं ते यात नाही, आणि ज्यांना ते माहीत आहे ते म्हणतील की हिनं खेळाचा जीव काढला. काढलाच. पण त्या जीवानं एका मुलीला बुडवलं होतं, आणि बुडवताना नियमाचं नाव पुढं केलं होतं. मालक म्हणाले, एक महिना बघू. मी म्हटलं, बघा.

खेळ आला. थोडेच लोक खेळतात, पण खेळतात. लातूरचे, परभणीचे, पुण्याचेही. आणि पहिल्याच आठवड्यात खाली शेरे यायला लागले. ‘फासा फिक्स आहे.’ ‘तीनदा मेलो, सरळ चीटिंग.’ ‘कंपनीवाले आतून हरवतात, टाकू नका हा गेम.’ माझं डोकं फिरलं. आयुष्यात पहिल्यांदा फासा उघड्यावर पडतोय, आणि म्हणे फिक्स! मालक नुसते भुवया वर करून खुर्ची फिरवत राहिले, ते जास्त वाईट.

मी प्रत्येकाला उत्तर द्यायचं ठरवलं. जो तक्रार करेल त्याच्या सगळ्या फाशांची यादी त्यालाच पाठवायची, मोजून. जिंकलेल्यांपैकी एकानंही आजवर फासा फिक्स आहे असं लिहिलेलं नाही, हेही मी मोजलंय.

परवा एकानं चार ओळी शिव्या लिहिल्या. मी त्याची यादी काढली. बावीस वेळा फासा पडला होता, चौदा वेळा जमलं होतं. हिशेबानं तेरा व्हायला हवे होते. म्हणजे त्याला वाट्यापेक्षा एक जास्तच मिळाला होता. मी हे सगळं नीट लिहिलं, मराठीत, दादा वगैरे म्हणून, राग गिळून, आणि पाठवलं.

दहा मिनिटांत त्याचं उत्तर आलं. ‘ते चौदा माझ्या डोक्याने जमले मॅडम. बाकीच्या आठांचं बोला.’

मी उत्तर लिहायला घेतलं. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. त्याच्या जागी मी असते तर शब्दानं शब्द हेच लिहिलं असतं, आणि याचा मला इतका राग आलाय की अजून पाठवलेलं नाही.